फीनामावशीचं मागचं दार

“पान एक्केचाळीस, ओळ बारा,” सरकारी वकील हॅलेट म्हणाले, आणि तिन्ही न्यायमूर्तींनी आपापल्या पुढ्यातल्या जाड बाडाची पानं एकदमच उलटली.

मागच्या बाकावर बसलेल्या फीनामावशीने मान पुढे काढली. एक्केचाळिसाव्या पानावरची बारावी ओळ म्हणजे तिच्याच तोंडचं वाक्य होतं. दीड वर्षापूर्वी फणकाऱ्यात बोललेलं. बोललेलं हवेत विरतं, अशी तिची जन्मभराची समजूत. आणि इथे राजधानीत, सेंट जॉन्सच्या वरच्या कोर्टात, चर्चएवढ्या उंच छताखाली, काळे झगे घातलेली शिकलीसवरली माणसं ते वाक्य बोटाने शोधत होती. रविवारी पाद्री शास्त्रातलं वचन शोधतो तसं.

हॅलेटनी ते वाचून दाखवलं. “‘एल्डनला ये म्हणावं लागत नाही. कुणालाच म्हणावं लागत नाही. माझं दार आहे, बँकेचं नाही.’ माझ्या मते खटला इथेच संपतो. बाईंनी स्वतःच सांगितलं आहे, की हे दार सगळ्यांना उघडं होतं.”

फीनामावशीच्या शेजारी कुणी नव्हतं. तिची वकील, मॉइरा कीफ, पुढे टेबलाशी बसली होती. तिचा झगा एका खांद्यावरून घसरला होता. पोरीला झगाही नीट घालता येत नाही, असं मावशीच्या मनात आलं, आणि लगेच तिने तो विचार मागे घेतला. त्या पोरीने तिच्या दारासाठी दोन वर्षं हाडाची काडं केली होती.

बाडाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: राणी विरुद्ध ट्रायफीना स्नूक. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मावशी मॉइराशी भांडली होती. राणीशी माझं काय वाकडं आहे, म्हणाली. राणीचा फोटो माझ्या चुलीवर लावलाय, दर शनिवारी पुसते मी. मॉइराने समजावलं की राणी म्हणजे सरकार. मावशी म्हणाली, मग सरकार लिहा, बिचारीला कशाला मधे ओढता. पण आज ते नाव त्या मोठ्या दालनात मोठ्याने पुकारलं गेलं तेव्हा ती नकळत उठून उभी राहिली होती. एका बाजूला राणी आणि दुसऱ्या बाजूला लॅम्प कोव्ह गावची ट्रायफीना, आणि मधे तीन माणसं, दोघींनाही सारख्याच नजरेने बघणारी.

तिचा जन्म झाला तेव्हा तिचं बेट, न्यूफाउंडलंड, कॅनडात नव्हतंच. कॅनडा मागाहून आला, ती तेवीस वर्षांची असताना. जेबेझने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, कॅनडात जाऊ नये म्हणून मत दिलं होतं आणि तिने जावं म्हणून. त्यावरून दोघं एक महिना एका ताटावर बसली नव्हती. शाळा तिची तिसरीपर्यंत. पुढे मासे वाळत घालायचे मांडव, मग लग्न, मग पाच बाळंतपणं. जीभ मात्र तिची मासे चिरायच्या सुरीपेक्षा बरी, कारण सुरीला अधूनमधून धार लावावी लागे.

तर झालं होतं ते असं.

दोन वर्षं समुद्र बंद होता. म्हणजे पाणी होतं, लाटा होत्या, पण मासा धरायचा नाही असं सरकारने सांगितलं होतं. तिकडे मासा म्हणजे कॉडच, बाकीच्यांना आपापली नावं आहेत. पाचशे वर्षं धरला, तो मोठमोठ्या जहाजांनी पाच-पंचवीस वर्षांत संपवला, आणि मग सरकारने सगळ्यांनाच हात वर करायला लावले. आधी धंद्यासाठी बंद झाला, आणि चौऱ्याण्णव साली तर घरच्या पातेल्यापुरताही. लॅम्प कोव्हच्या दुकानात गोठवलेल्या माशाची खोकी येऊ लागली, कुठल्या समुद्रातली देव जाणे. फीनामावशीने ते खोकं एकदा हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि जागेवर ठेवलं. अडुसष्ट वर्षांत तिने मासा विकत घेतला नव्हता. खिडकीतून समुद्र दिसत असताना तो घेणं तिला भीक मागण्यासारखं वाटलं.

जुलैतल्या एका सकाळी तिने जेबेझची होडी एकटीने पाण्यात ढकलली. जेबेझने बांधलेली ती शेवटची होडी. तो जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याने जंगलातून स्वतः वाकडी लाकडं निवडून आणून तिच्या फासळ्या केल्या होत्या, आणि तिच्या आतल्या फळीवर अजून त्याची पेन्सिलची खूण होती. मावशी वल्ही मारत खडकाच्या पलीकडे गेली, गळ टाकला, तीन मासे लागले, परत आली. तीन. चौथा लागू शकला असता, पण तिने गळ गुंडाळला.

कुणीतरी पाहिलं, आणि पाहिलेलं मासेमारी खात्याच्या कानावर गेलं. खात्याने चौकशीला पाठवलं एल्डन पायर्सीला.

एल्डन त्याच गावचा, मावशीच्या घरापासून चौथ्या घरातला. त्याची आई आजारी असायची, म्हणून तो मावशीच्या स्वयंपाकघरात वाढला म्हटलं तरी चालेल. आता तिशीला आला होता, सरकारी गणवेश घालत होता. खात्यातला दुसरा कुणी बाहेरचा अधिकारी आला असता, तर त्याने रीतसर पुढचं दार वाजवलं असतं. वाजवलं असतं म्हणजे, हात पोचला असता तर. लॅम्प कोव्हमधल्या बहुतेक घरांच्या पुढच्या दारांना पायऱ्याच नाहीत. दार जमिनीपासून कंबरभर उंच, उघडलं की खाली नुसती हवा. त्या दारातून माणूस एकदाच जातो, तेही आडवा, चार जणांच्या खांद्यावर. जिवंत माणसं मागच्या दाराने येतात, आणि ते दार कुणी वाजवत नाही. ते ढकलायचं आणि आत यायचं. दार वाजलं तर घरातले घाबरतात.

एल्डन गावचाच, तेव्हा त्याने गावच्यासारखं केलं. वरिष्ठ साहेब गाडीत बसून राहिले. हा मागे गेला, दार ढकललं, आत आला. काय गं मावशी, काय शिजतंय, म्हणाला. तिने बस म्हटलं, चहा ओतला, डब्यातलं दूध घातलं, पावाचा जाड काप आणि रानफळांचा मुरंबा पुढे केला. तो चहा प्यायला. मग उठला, लहानपणापासून उचलत आला होता तसं पातेल्याचं झाकण उचललं आणि तिथेच थांबला. आत मासा होता, बटाटे होते, वर चरबीचे कुरकुरीत तुकडे. तो कानापर्यंत लाल झाला. झाकण ठेवलं आणि खिशातून वही काढली.

मावशीने पातेलं चुलीवरून उतरवलं. त्या संध्याकाळी साहेबांनी होडी गाडीवर चढवून नेली. गुन्हा सिद्ध झाला तर होडी सरकारजमा, असा नियम होता. तीन माशांची शिक्षा तिने हसत भोगली असती. पण ती होडी म्हणजे जेबेझचे हात होते. त्यांना कुणी लिलावात उभं करावं हे तिला सहन होणारं नव्हतं.

सरकारने गरिबांसाठी नेमलेली वकील म्हणून मॉइरा तिच्याकडे आली. शहरातली पोर, कोवळी, मागचं दार वाजवणारी. तिनेच पहिल्यांदा मावशीला सांगितलं की देशाचा एक सगळ्यात मोठा कायदा आहे, हक्कांची सनद, आणि तिच्यात एक ओळ आहे, की सरकारला कुणाच्याही घरात उगीच शिरून झडती घेता येत नाही. घरच्यांची संमती हवी, नाहीतर न्यायाधीशाचा कागद. पंतप्रधानाच्या घराला जी ओळ, तीच तुमच्या घराला. मावशीने विचारलं, मागच्या दारालाही? मॉइरा म्हणाली, तेच तर आपल्याला ठरवून घ्यायचं आहे.

पहिला खटला शेजारच्या मोठ्या गावात, चर्चच्या सभागृहात झाला. न्यायाधीश दोन महिन्यांतून एकदा गाडीने यायचे. त्यांची खुर्ची व्यासपीठावर ठेवली होती आणि मागे नाताळच्या नाटकाचा रंगवलेला पडदा तसाच टांगलेला. तिथे उभं राहण्याआधी मॉइराने मावशीला कोपऱ्यात घेतलं.

“मिसेस स्नूक, ते विचारतील, तुम्ही त्याला आत बोलावलंत का. तुम्ही म्हणा, नाही. पुढे एक शब्द नको.”

“आणि पोरी, त्यांनी विचारलं, त्याला घरात यायची बंदी होती का, तर?”

मॉइराने पेनाचं टोपण लावलं. तिलाही कळत होतं. एल्डनचं स्वागत होतं असं म्हटलं तर होडी गेली. नव्हतं म्हटलं तर बायबलवर हात ठेवून खोटं, आणि तेही स्वतःच्याच घराची लाज काढणारं खोटं. एखादा माणूस आपल्या स्वयंपाकघरात नकोसा होता, असं स्नूकांच्या घरातल्या बाईने चारचौघांत म्हणायचं? मावशीने रात्रभर हे उलटंसुलटं केलं होतं, आणि उत्तर सापडलं नव्हतं. सापडत नाही म्हटल्यावर जे खरं ते सांगायचं ठरवून ती आली होती.

हॅलेटनी विचारलं, एल्डन पायर्सी तुमच्याकडे नेहमी येतो का. चालायला लागल्यापासून, ती म्हणाली. दार वाजवतो का. आमच्याकडे परकं माणूस दार वाजवतं, ती म्हणाली. म्हणजे त्या दिवशी तुम्ही त्याला ये म्हटलं नाहीत, तरी तो यायला मोकळा होता? तेव्हा ती फणकारली आणि ते बँकेच्या दाराचं वाक्य बोलून गेली. हॅलेट समाधानाने खाली बसले. मॉइराने डोळे मिटले.

मावशी मात्र उतरली नाही. कठड्याला धरून उभीच राहिली.

“पण त्या दिवशी एल्डन आलाच नव्हता,” ती म्हणाली. “टोपी आली होती.”

न्यायाधीशांनी मान वर केली आणि म्हणजे काय ते सांगा, म्हणाले.

“माझ्या स्वयंपाकघरात टोपी घालून कुणी बसत नाही. जेबेझ बसला नाही, बिशप एकदा आला होता तोही बसला नाही. दाराआड खिळे आहेत. टोपी खिळ्यावर जाते, मग माणूस आत येतो. एल्डनने त्या दिवशी टोपी काढली नाही. चहा प्यायला तोही टोपीखालीच. तेव्हाच ओळखलं मी, की मी सरकारला चहा पाजतेय.”

“ओळखलंत, तरी दिलात?”

“दिला. दारी आलं त्याला चहा देतात. सरकार झालं म्हणून काय उपाशी पाठवायचं?”

सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी एल्डनला पुन्हा उभं केलं. तो आधी म्हणाला होता, मी नेहमी जातो तसाच गेलो. खरंच होतं ते. आता न्यायाधीशांनी एकच विचारलं, टोपी डोक्यावर होती का. एल्डनचा साहेब पहिल्या रांगेत बसला होता. हॅलेट त्याच्याकडे बघत होते. मावशी त्याच्याकडे बघत नव्हती. ती नाटकाच्या पडद्यावरच्या मेंढ्यांकडे बघत होती.

“होती,” तो म्हणाला.

“का?”

एल्डनने साहेबाकडे बघितलं, मग मावशीकडे.

“काढली असती तर झाकण उचलता आलं असतं मला,” एल्डन म्हणाला. “वही काढता आली नसती.”

त्या एका वाक्याने न्यायाधीशांचा निकाल झाला. घरात आला तो पाहुणा नव्हता, सरकार होतं, आणि सरकारला कुणी आत घेतलं नव्हतं. मासे पुराव्यात धरायचे नाहीत, होडी परत करायची. पण सरकार वरच्या कोर्टात गेलं, आणि तिथला निकाल लागेपर्यंत होडी खात्याच्या पत्र्याच्या शेडमध्येच राहिली. एल्डनला खात्याने आतल्या भागात, समुद्र दिसणार नाही अशा ठिकाणी, तळी मोजायला पाठवलं.

आणि आता हे वरचं कोर्ट. हे तिन्ही न्यायमूर्ती तिला काही विचारणार नाहीत, असं मॉइराने सांगितलं होतं. इथे माणसं बोलत नाहीत, कागद बोलतो. मधे एक बाई होत्या, चष्म्याची दोरी गळ्यात घातलेल्या. डावीकडे पांढऱ्या भुवयांचे म्हातारे, उजवीकडे एक गोल चेहऱ्याचे, सतत लिहिणारे.

हॅलेट बोलू लागले तशी मावशी थोडी घाबरली, कारण माणूस खरं बोलत होता. ते म्हणाले, हा तीन माशांचा प्रश्न नाही. समुद्रातला मासा संपला आहे. चाळीस हजार माणसं कामावाचून बसली आहेत, ती या आशेवर, की मासा परत येईल. प्रत्येकाने तीन-तीन म्हटलं तर काय उरेल? आणि या किनाऱ्यावर प्रत्येक पातेल्यासाठी न्यायाधीशाचा कागद आणायचा ठरवला, तर कागद फेरीबोटीने दोन दिवसांनी येईल, आणि तोवर पातेलं घासून पालथं पडलेलं असेल. मावशीची मान होकाराने हलायला लागली होती, ती तिने थांबवली. स्वतःच्या विरुद्ध मान हलवणारी आपण पहिलीच असू, असं तिला वाटलं.

मग मॉइरा उठली. म्हणाली, बाराव्या ओळीवर थांबू नका, तीन ओळी खाली या. आणि तिने ती टोपीची ओळ वाचली. सावकाश, एकेक शब्द वेगळा ठेवून. मावशीला आपलाच आवाज दुसऱ्याच्या तोंडून येताना ऐकू आला, आणि तो तिला आपल्यापेक्षा शहाणा वाटला. मॉइरा म्हणाली, स्वागत माणसाचं असतं, अधिकाराचं नसतं. शेजाऱ्याला दिलेली मुभा सरकारने शेजाऱ्याच्या खांद्यावर बसून आत यायला वापरायची नाही.

तिने पुढच्या दाराचा फोटो दिला. तो तिघांच्या हातांतून फिरला. गोल चेहऱ्याच्या न्यायमूर्तींनी तो डोळ्यांजवळ नेला.

“याला पायऱ्या नाहीत,” ते म्हणाले.

“नाहीत, महोदय.”

“मग अधिकाऱ्याने दार वाजवायचं कुठे?”

या एका गोष्टीवर वीस मिनिटं गेली. फीनामावशी थक्क होऊन ऐकत राहिली. जेबेझने पायऱ्या बांधल्या नाहीत त्या आळसामुळे. चाळीस वर्षं ती त्याला त्यावरून बोलत होती. आणि आज काळ्या झग्यांतली पाच माणसं त्या नसलेल्या पायऱ्यांवर उभी राहून देशाचा कायदा तोलत होती. कुणी घाई करत नव्हतं. कुणी आवाज चढवत नव्हतं. एकाचं बोलणं पुरं झाल्याशिवाय दुसरा तोंड उघडत नव्हता. तिच्या गावात कुंपणावरून भांडण झालं की अर्ध्या घटकेत तीन पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

मधल्या बाईंनी चष्मा लावला. “मिस कीफ, त्याने टोपी काढून खिळ्याला लावली असती आणि मग झाकण उचललं असतं, तर?”

मॉइराने पानं चाळली, मग वळून मागे बघितलं. येताना गाडीत हाच प्रश्न तिने मावशीला विचारला होता, आणि मावशीने तोंडावर उत्तर फेकलं होतं. आता तिने तेच उचललं.

“माझ्या अशिलांचं म्हणणं, महोदया, मग त्याला पान मांडून जेवायलाच बसावं लागलं असतं.”

बाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. उजवीकडच्यांनी तेही लिहून घेतलं.

मग पांढऱ्या भुवयांचे म्हातारे, जे सकाळपासून गप्प होते, ते हॅलेटकडे वळले. आवाज इतका खाली, की सगळं दालन पुढे झुकलं.

“मिस्टर हॅलेट, म्हणजे जो दाराला कुलूप लावतो त्याचा हक्क मोठा, आणि जो सगळ्यांना आत घेतो त्याचा लहान, असं म्हणायचं आहे तुम्हाला?”

हॅलेटनी हातातला कागद खाली ठेवला. “प्रश्न अवघड आहे, महोदय,” ते म्हणाले. “मला याचं चांगलं उत्तर सापडलेलं नाही.”

फीनामावशीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि का ते तिला सांगता आलं नसतं. तिच्या दारापुढे सरकार उत्तर शोधत उभं होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत नव्हती. जेबेझने हे बघायला हवं होतं, म्हणजे कॅनडाविरुद्धच्या त्या मताबद्दल तो निदान एकदा तरी नमला असता.

दुपारी खाली उपाहारगृहात तिने आणखी एक नवल पाहिलं. हॅलेट आणि मॉइरा एकाच टेबलाशी बसून सँडविच खात होते, आणि मॉइरा हसत होती. मावशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, वरती एकमेकांच्या नरड्याला होतात आणि खाली एकमेकांचं लोणचं खाता? हॅलेटनी उठून तिला खुर्ची दिली. ती बसली. माणूस चांगला होता, पण नखं कुरतडायचा. तिने तसं सांगितलं त्याला.

निकाल सात आठवड्यांनी आला. मॉइराने फोनवर सांगितलं, जिंकलो आपण, दोन विरुद्ध एक. मग टपालाने छापील निकाल आला, त्रेसष्ट पानांचा. मावशीने तो कुणाकडून वाचून घेतला नाही. टेबलाशी बसून, बोट ठेवून, एकेक शब्द तोंडात घोळवत तिने तो अकरा दिवस वाचला. अर्धे शब्द तिला कळले नाहीत. जे कळले ते पुरले. मधल्या बाईंनी लिहिलं होतं, की ज्या गावात कुणीच दार वाजवत नाही त्या गावात सरकारने तर वाजवलंच पाहिजे.

आणि नवव्या दिवशी ती विरुद्ध मताशी पोचली. ते लिहिलं होतं पांढऱ्या भुवयांच्या म्हाताऱ्यांनी. कुलपाचा तो प्रश्न विचारला होता त्यांनीच. मावशीला आधी राग आला. मग ती वाचत गेली. त्यांनी लिहिलं होतं, की या बाईंच्या घराला दार आहे, आणि ते राखायला हे कोर्ट आहे. समुद्राला दार नाही. त्याच्या वतीने कुणीतरी उंबऱ्यात उभं राहायलाच हवं, आणि आज ते माणूस आपण परत पाठवत आहोत. मावशीने बोट त्या ओळीवर ठेवलं ते बराच वेळ उचललं नाही. तिला सगळ्यात अचंबा वाटला तो याचा, की हरलेल्या माणसाचं म्हणणंही त्याच पुस्तकात, त्याच अक्षरात, त्याच शिवणीत बांधलेलं होतं. कुणी फाडून टाकलं नव्हतं.

होडी जूनमध्ये परत आली. खात्याची गाडी ती किनाऱ्यावर उतरवून, सही घेऊन निघून गेली. मावशीने भोवती एक फेरी मारली आणि आपलं तोंड बघायला खात्याची माणसं उरली नाहीत ते बरं झालं असं वाटलं तिला. दोन उन्हाळे पत्र्याखाली कोरडी राहून लाकूड आकसलं होतं. फळ्याफळ्यांमधून करंगळी जाईल अशा फटी पडल्या होत्या. एका बाजूने बघितलं तर दुसऱ्या बाजूचं पाणी दिसत होतं.

अशा होडीला एकच उपाय. तिला बुडवायचं. उथळ पाण्यात, दगड भरून, तळाला बसवायचं आणि लाकूड पाणी पिऊन फुगेपर्यंत थांबायचं. फुगलं तर फटी मिटतात. फार वाळलं असेल तर मिटत नाहीत.

तिने होडी लाटेपर्यंत ओढत आणली, पण दगड उचलताना तिची कंबर धरली. ती वाकलेलीच उभी होती तेव्हा वरून, रस्त्याकडून, गोट्यांवर पावलं वाजली. एल्डन होता. खात्याची नोकरी त्याने वसंतातच सोडली, हे तिला गावाकडून कळलं होतं. हिवाळ्याआधी दूर पश्चिमेला, आल्बर्टाला जाणार, तिकडे तेलाच्या विहिरींवर कामाला, हेही. दोन वर्षांत दोघं एकमेकांशी बोलली नव्हती.

तो बूट न काढता पाण्यात उतरला, एक मोठा दगड छातीशी धरून आणला आणि होडीत ठेवला.

“मधे नको,” मावशी म्हणाली. “मधे ठेवलास तर फासळ्यांवर भार येतो. टोकांना ठेव.”

त्याने तो उचलून पुढच्या टोकाला ठेवला. मग दुसरा. मग मागच्या टोकाला. ती हाताने दाखवत राहिली, तो आणत राहिला. पाणी फटींतून आत येऊ लागलं, आधी धारांनी, मग सगळीकडून. जेबेझची पेन्सिलची खूण पाण्याखाली गेली. होडी हळूहळू खाली बसली, आणि शेवटी नुसत्या तिच्या दोन कडा पाण्यावर राहिल्या.

समुद्र अजून बंदच होता. कधी उघडेल ते कुणाला ठाऊक नव्हतं, उघडेल की नाही तेही. फुगली तरी ती कुठे जाणार होती?

एल्डन भिजल्या पायांनी तिच्या शेजारी गोट्यांवर येऊन बसला.

“किती दिवस लागतील, मावशी?”

“लाकूड सांगेल.”

लाकूड पाणी पीत होतं, आणि त्यातली हवा फटींमधून बुडबुड्यांनी वर येत होती. दोघं ते बघत बसून राहिली. सुरुवातीला ते भराभर येत होते, सगळ्या लांबीभर. मग एकेका जागेवरून थांबत गेले. भरतीचं पाणी होडीच्या कडांवरून गेलं तेव्हा मागच्या टोकाला, उजवीकडे, दोन-तीन ठिकाणांहून मात्र अजून येतच होते.